वॉरंटीतल्या ट्रकचं इंजिन वेगळंच वाजतंय: काय करायचं, कुठल्या क्रमानं

गाडीला वर्ष झालेलं नाही, हप्ते निम्मेही फिटलेले नाहीत, आणि एका सकाळी सेल्फ मारल्यावर इंजिनमधून टकटक येते. ड्रायव्हर सांगतो, "मालक, जरा येगळंच वाजतंय." गाडी वर्कशॉपात नेली की आवाज पळालेला असतो. सुपरवायझर केबिन उचलून दोन मिनिटं ऐकतो, "बीएस-सिक्सचा आवाज असाच असतोय" म्हणतो आणि गाडी गेटबाहेर. पुढं त्याच टकटकीचा ठोका होतो, तोवर वॉरंटीचे किलोमीटर संपलेले असतात.

यातून वाट काढायची तर मालकाला दोनच कामं नीट जमली पाहिजेत. आवाज हवा तेव्हा पुन्हा काढून दाखवता आला पाहिजे आणि तो तुमच्या शब्दांत जॉबकार्डावर, म्हणजे वर्कशॉपच्या तक्रार-नोंदीच्या कागदावर, चढला पाहिजे. आत नेमकं काय बिघडलंय ते शोधून काढणं हे कंपनीचं काम आहे, त्यासाठीच वॉरंटी आहे. खाली जे काही दिलंय ते सगळं या दोन कामांसाठी.

सगळ्यात आधी: गाडी चालवायची की आहे तिथं उभी करायची?

पुढच्यापैकी एकही गोष्ट दिसली तर इंजिन लगेच बंद करा आणि पुन्हा सेल्फ मारून बघू नका. ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला. जड, लोखंडी ठोका अचानक सुरू झाला आणि रेस दिली की वाढतोय. आवाजाबरोबर निळा किंवा पांढरा धूर दाट झाला. टेंपरेचरचा काटा वर चाललाय. "कोल्हापूरच्या तावडे हॉटेलपर्यंत तर नेऊ" या हिशोबात बेअरिंगचं काम क्रँकशाफ्टवर जातं आणि क्रँकचं ब्लॉकवर. शिवाय दिवा लागल्यावर गाडी किती वेळ चालली याची नोंद ईसीयूमध्ये, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये, राहू शकते, आणि क्लेम नाकारायला तेवढी नोंद पुरते.

गाडी उभी केली की पहिला फोन कंपनीच्या ब्रेकडाउन हेल्पलाइनला. ओळखीच्या मिस्त्रीला नंतर. तक्रार क्रमांक मेसेजवर मागून घ्या. टोचन करायची वेळ आली तर प्रोपेलर शाफ्ट सोडवल्याशिवाय गाडी ओढू देऊ नका. इंजिन बंद असताना मागची चाकं फिरली की गिअरबॉक्सचे शाफ्ट कोरडे फिरतात, आणि मग इंजिनच्या तक्रारीत गिअरबॉक्सची भर पडते.

यातलं काहीच नसेल, आवाज हलका असेल, ऑइल आणि पाणी जागेवर असेल, तर गाडी चालू शकते. मात्र पुढची पायरी आजच सुरू करा, पुढच्या सर्व्हिसची वाट बघू नका.

पाना लावायचा नाही

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात कानानं इंजिन ओळखणारे कारागीर आहेत. त्यांना आवाज ऐकवायला हरकत नाही, उलट ऐकवाच. पण नट सोडायला द्यायचा नाही. जुन्या पंपाच्या इंजिनवर मिस्त्री एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट ढिला करून कुठला सिलिंडर वाजतोय ते शोधायचे. आताच्या कॉमन रेल इंजिनवर, म्हणजे सगळ्या इंजेक्टरना एकाच दाबाच्या नळीतून (रेलमधून) डिझेल देणाऱ्या इंजिनवर, हे जीवघेणं आहे. रेलमधला दाब १६०० बारच्या पुढं जातो. ट्रकच्या टायरमध्ये साधारण ८ बार हवा असते, म्हणजे हा त्याच्या दोनशेपट. एवढ्या दाबाची डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. वरून जखम सुईच्या टोकाएवढी दिसते आणि आत हात सडायला लागतो. असं झालं तर पट्टी बांधून घरी न जाता थेट मोठ्या हॉस्पिटलात जायचं आणि "डिझेल आत गेलंय" हे पहिल्यांदा सांगायचं.

हीच तपासणी वर्कशॉपात स्कॅनर लावून होते. एकेका सिलिंडरचं इंजेक्शन कॉम्प्युटरवरून बंद करतात आणि आवाज बदलतो का ऐकतात. त्यासाठी कशालाही पाना लागत नाही.

बाहेरच्या स्कॅनरनं फॉल्ट कोड पुसून घेऊ नका. कोडसोबत तो आला त्या क्षणाचे आरपीएम, लोड आणि टेंपरेचरही साठलेलं असू शकतं. पुसलं की तुमचाच पुरावा गेला. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) सेट करणं, बेल्ट काढून बघणं, "जाड ऑइल घाल, आवाज बसंल" हे सगळं याच यादीतलं. जाड ऑइलनं आवाज थोडा दबतो, पण थंड इंजिनात ते वरपर्यंत पोचायला वेळ घेतं. त्यातून पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचं नसलेलं ऑइल वापरलं हे कंपनीला आयतं कारण मिळतं.

मालकानं करायच्या तपासण्या हात काळे न होणाऱ्याच आहेत. गाडी सपाट जागेवर उभी करून, इंजिन बंद केल्यावर दहा मिनिटांनी डिपस्टिक बघा. पातळी कमी असेल तर कळतंच. जास्त दिसली तरी काळजीचं कारण आहे. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ करताना इंजिन जादा डिझेल सोडतं. ते साफ होणं वारंवार अर्धवट राहिलं तर थोडं डिझेल पिस्टनच्या कडेनं ऑइलमध्ये उतरतं. पातळी चढत जाते, डिपस्टिकला डिझेलचा वास येतो, ऑइल पातळ होतं आणि बेअरिंगवरचा थर कमी पडतो. इंजिन वाजायचं हे कारण बऱ्याच जणांच्या लक्षातच येत नाही, कारण "ऑइल तर फुल्ल आहे". डिपस्टिकचा फोटो काढा, तारीख आणि किलोमीटरसकट.

आवाज कधी येतो, कशानं बदलतो

आवाजाचं वर्णन "खडखड" किंवा "घरघर" एवढ्यावर सोडलं तर वर्कशॉपला काहीच कळत नाही. खडखड प्रत्येकाची वेगळी. तो कधी येतो आणि काय केल्यावर बदलतो, हे महत्त्वाचं.

क्लचपासून सुरुवात करा, सगळ्यात सोपी तपासणी तीच. गाडी न्यूट्रल, इंजिन चालू, क्लच दाबा. दाबल्यावर आवाज थांबला तर रोख गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या बेअरिंगकडे. दाबल्यावरच सुरू झाला तर रिलीज बेअरिंग. क्लचनं काहीच फरक पडत नसेल तर आवाज इंजिनचा किंवा त्याला जोडलेल्या एखाद्या भागाचा. 'इंजिनचा आवाज' म्हणून येणाऱ्या तक्रारींमध्ये क्लचच्या बाजूचाही वाटा असतो, आणि क्लच प्लेट हा झिजणारा भाग म्हणून वॉरंटीत वेगळा धरलेला असतो. त्यामुळं हे आधीच कळलेलं बरं.

पुढचा नंबर एअर कंप्रेसरचा. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरत असताना कंप्रेसर दाब ओढत असतो. ८ बारच्या आसपास फुस्स होऊन कट-आउट झाला की तो मोकळा फिरतो. टकटक हवा भरेपर्यंत येत असेल आणि फुस्स झाल्याबरोबर जात असेल, तर कंप्रेसरकडे बोट दाखवा. ब्रेक चार-पाच वेळा दाबून हवा उतरवली की आवाज पुन्हा काढून दाखवता येतो. वर्कशॉपात एवढ्या सहज सिद्ध होणारा आवाज दुसरा नाही.

स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कण्हल्यासारखा सूर चढला तर पॉवर स्टिअरिंगचा पंप किंवा त्याचं ऑइल. बेल्टच्या किंचाळण्यावर फवाऱ्यानं थोडं पाणी मारून बघतात: क्षणभर थांबला तर पुली ओळीत नाही, वाढला तर ताण कमी. हे करताना उपरणं, ओढणी, सैल बाह्या बेल्टजवळ नकोत.

थंड इंजिनला चट-चट, आणि गरम झाल्यावर बंद, असा आवाज असेल तर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या जोडाकडे टॉर्च मारा. गॅस्केटमधून गळती असेल तर तिथं काजळीची काळी रेघ दिसते. धातू तापून फुगला की फट बुजते, म्हणून वर्कशॉपात पोचेपर्यंत आवाज संपलेला असतो. काजळी मात्र जागेवर असते. तिचा फोटो काढा.

टर्बोची शिट्टी लोडवर थोडी असतेच. पूर्वीपेक्षा सूर चढला असेल आणि गाडी ओढत नसेल तर बहुतेक वेळा इंटरकूलरच्या होजला चीर किंवा क्लॅम्प सैल असतो. आत घासल्यासारखा किंवा सायरनसारखा आवाज आला तर मात्र गाडी थांबवा. टर्बोचं सील गेलं तर ऑइल हवेच्या वाटेनं सिलिंडरमध्ये जातं आणि चावी बंद केली तरी इंजिन स्वतःच्या ऑइलवर पळत राहू शकतं.

आता आतले आवाज. टॅपेटची टकटक हलकी, वरून येणारी, शिलाई मशीनसारखी. इंजेक्टरचा नॉक कडक, एकाच सिलिंडरचा, बहुधा धुरासोबत. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका जड, खालून येणारा. रेस देऊन सोडताना ठळक होतो. मेन बेअरिंगचा त्याहून खोल, भरलेल्या गाडीला चढावर. थंड इंजिनला पिस्टनची थपथप गरम झाल्यावर कमी होते. यांतला फरक कानानं ओळखायला अनुभव लागतो. पण एक गोष्ट फोनवर मोजता येते.

फोनवर आवाज मोजणं

डिझेल इंजिनात कॅमशाफ्ट क्रँकच्या अर्ध्या वेगानं फिरतो. त्यामुळं टॅपेट किंवा एका इंजेक्टरचा आवाज क्रँकच्या दोन फेऱ्यांत एकदा येतो. खालच्या बेअरिंगचा ठोका सहसा दर फेरीला पडतो. समजा आयडल ६६० आरपीएम आहे. क्रँक सेकंदाला ११ वेळा फिरला, कॅमशाफ्ट साडेपाच वेळा.

डॅशबोर्डवरचे आरपीएम दिसतील असा व्हिडिओ सुरू करा, मग न थांबवता फोन इंजिनजवळ नेऊन १० सेकंद स्थिर धरा. नंतर तो पाव वेगानं लावा, म्हणजे १० सेकंदांचे ४० होतील. त्यात ५५ च्या आसपास ठोके मोजले गेले तर अर्ध्या वेगाचा आवाज, म्हणजे रोख वरच्या बाजूला. ११० च्या आसपास आले तर क्रँकच्या वेगाचा, आणि मग गाडी पुढं न चालवलेली बरी. दोन-चार ठोक्यांची चूक चालते, दुपटीचा फरक लपत नाही. यावरून निदान पक्कं होत नाही. पण "काहीतरी वाजतंय" असं म्हणणाऱ्या मालकापेक्षा "६६० आरपीएमला सेकंदाला अकरा ठोके" म्हणणाऱ्याचं वर्कशॉपात वेगळं ऐकतात.

व्हॉट्सअ‍ॅपची व्हॉइस नोट यासाठी नको. ती माणसाच्या बोलण्यासाठी असते, त्यात सलग येणारा आवाज दबतो. कॅमेऱ्याचा व्हिडिओ घ्या आणि मूळ फाइल जपून ठेवा. पहिला व्हिडिओ थंड स्टार्टचा, दुसरा गरम झाल्यावर, तिसरा लोडमधला. तिन्हींत ओडोमीटर दिसला पाहिजे. लोडचा आवाज टिपायला कोल्हापूरकरांना लांब जावं लागत नाही. गगनबावड्याचा किंवा आंबा घाटाचा फेरा असतोच. कोकणातून वर चढताना केबिनमध्ये शेजारी बसलेल्यानं व्हिडिओ घ्यायचा. ड्रायव्हरनं नाही.

काही आवाज मुळात बिघाड नसतात

हे आधी वगळा, नाहीतर पहिल्याच भेटीत तुमच्या तक्रारीचं वजन जातं. डीपीएफ साफ होत असताना आयडल वाढतं, आवाज भारी होतो, उष्ण वास येतो. हे साधारण १५ ते ३० मिनिटं चालतं. मध्येच इंजिन बंद करू नका. चावी काढल्यावर चॅसीकडून गुणगुण येते ती यूरियाच्या पंपाची: तो पाइपमधलं डीईएफ (यूरियाचं पाणी) टाकीत परत खेचतो. ती थांबल्याशिवाय बॅटरीचा कट-ऑफ फिरवायचा नाही, नाहीतर आत राहिलेल्या डीईएफचे खडे होऊन वाट बुजते. घाट उतरताना एक्झॉस्ट ब्रेकचा घुमा आवाज येतो, तोही ठीक.

पंख्याचा मोठा गरगराट उन्हाळ्यात, चढावर, ठीक आहे. उसाच्या हंगामात साखर कारखान्याच्या आवारात तास-तास उभ्या राहणाऱ्या गाडीत तो कायमचा व्हायला लागला तर रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मध्ये बघा. बगॅसचा (उसाच्या चिपाडाचा) भुसा आणि पाचटाचा चुरा जाळीत गच्च बसतो, हवा जात नाही, व्हिस्कस फॅन (तापमानानुसार पकडणारा-सुटणारा पंखा) सतत पकडलेला राहतो. कमी दाबाची हवा आतून बाहेर मारली की काम होतं. जास्त दाबानं पाकळ्या दुमडतात.

वर्कशॉपात जाताना

आवाज थंड इंजिनचा असेल तर सकाळी गाडी चालवत नेऊन काही उपयोग नाही. शिरोली नाक्यापासून उजळाईवाडीपर्यंत आली तरी ती गरम झालेली असते. आदल्या संध्याकाळी गाडी वर्कशॉपात लावा, किमान आठ तास थंड होऊ द्या आणि सकाळचा पहिला स्टार्ट सुपरवायझरसमोर मारायचा असं ठरवून घ्या. आवाज लोडचा असेल तर रिकामी गाडी नेऊ नका. भरलेली गाडी आतल्या तपासणीच्या खड्ड्यावर घेता येत नाही म्हणून वर्कशॉप कुरकुर करेल. तेव्हा टेस्ट ड्राइव्हसाठी भरून आणायची वेळ आधी ठरवा आणि सोबत काटा पावती ठेवा.

गेटवर जॉबकार्ड लिहितात तो क्षण पुढच्या सगळ्या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा. रांग असते, लिहिणारा घाईत असतो, आणि "इंजिन नॉइज, जनरल चेक" असं दोन शब्दांत उरकतो. ते तसंच जाऊ देऊ नका. पुढच्यासारखा मजकूर कागदावर लिहून न्या आणि जसाच्या तसा चढवायला सांगा:

"सकाळी पहिल्या स्टार्टला, ६५० ते ७०० आरपीएमवर, इंजिनच्या क्लीनर बाजूनं, वरून टकटक, सेकंदाला साधारण पाच-सहा वेळा. रेस दिल्यावर वेग वाढतो. दहा मिनिटांनी कमी होते, पूर्ण जात नाही. भरलेल्या गाडीला तिसऱ्या गिअरमध्ये चढावर पुन्हा येते. क्लच दाबून फरक नाही. एअर कट-आउट झाल्यावर फरक नाही. ओडोमीटर ४१,३२०. गाडी रात्रभर थंड करून तपासावी."

सिस्टममध्ये जागा कमी आहे असं म्हणाले तर तुमचा कागद जॉबकार्डाला जोडून त्यावर जॉबकार्ड नंबर, तारीख, सही-शिक्का घ्या. तेही होत नसेल तर तिथंच उभं राहून हाच मजकूर आणि व्हिडिओ वर्कशॉपच्या अधिकृत ईमेलवर पाठवा. तोंडी बोलणं गोड असतं, पण सुपरवायझर बदलतात.

"हा आवाज नॉर्मल आहे" असं उत्तर आलं तर भांडू नका. त्याच यार्डातली त्याच मॉडेलची, तेवढ्याच किलोमीटरची दुसरी गाडी शेजारी लावून दाखवायला सांगा, दोन्ही थंड किंवा दोन्ही गरम. दोन्ही सारख्या वाजल्या तर तुमच्या डोक्यावरचं ओझं उतरलं. वेगळ्या वाजल्या तर दोन्हींचे व्हिडिओ लागोपाठ घ्या. आणि गाडी परत घेताना "तपासलं, आवाज सामान्य आढळला" किंवा "तपासणीवेळी आवाज आला नाही" हे बिलावर लिहून घ्या. हा कागद तुमच्या विरोधात आहे असं वाटतं, पण नंतर तोच आवाज वाढून इंजिन गेलं, तर वॉरंटीत असताना तक्रार केली होती आणि कंपनीनं ती बघितली होती, हे त्याच कागदावरून सिद्ध होतं.

तारीख किंवा किलोमीटर संपायला आले असतील तर काम नंतर झालं तरी चालेल, जॉबकार्ड आधी उघडलेलं हवं. वॉरंटी दोन्हींपैकी जे आधी संपेल त्यावर जाते, आणि हंगामात चालणारी गाडी किलोमीटर तारखेआधी संपवते.

इंजिन उघडायची वेळ आली तर

यासाठी वर्कशॉपला कंपनीकडून मंजुरी लागते, एरिया सर्व्हिस इंजिनिअर येऊन बघतो. त्याआधी तुमच्याकडून एका फॉर्मवर सही घेतात: वॉरंटी नाकारली गेली तर खोलणे-जोडणेचा खर्च मालकाचा. आकडा कोरा ठेवून सही करू नका. नाकारल्यास मजुरी किती, गॅस्केट-ऑइलचे किती, हे लिहिलं जाऊ द्या आणि कारण लेखी देण्याची अट घाला.

हेडला हात लावण्याआधी ऑइल फिल्टर तुमच्यासमोर कापायला सांगा. हॅकसॉनं कापला तर करवतीचाच चुरा आत पडतो, कटर हवा. आतला कागद उलगडून उन्हात धरा. चुंबकाला चिकटणारे काळे कण लोखंडाचे: रिंग, लायनर, कॅम, गिअर. न चिकटणारी चंदेरी किंवा तांबूस चमक असेल तर बेअरिंगचं वरचं अस्तर उतरायला लागलंय. कागद प्लास्टिकच्या पिशवीत सील करून वर दोघांच्या सह्या. त्याच वेळी गरम ऑइल सोडताना सुरुवातीची धार जाऊ देऊन मधल्या धारेतलं १०० मिली कोरड्या, स्वच्छ बाटलीत घ्या. एक बाटली त्यांना, एक तुम्हाला. लॅबमध्ये लोह, तांबं, शिसं, ॲल्युमिनियम किती आणि सिलिकॉन किती ते निघतं. सिलिकॉन म्हणजे बहुधा धूळ, आणि शिरोलीच्या गाडीवाल्यांना त्यावरूनच पुढचा प्रश्न येतो.

क्लेम कुठं अडतो

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या फाउंड्र्यांची वाळू आणि कास्टिंग वाहणाऱ्या गाड्यांत एअर फिल्टर पुस्तकातल्या किलोमीटरआधीच भरतो. वाळू म्हणजे सिलिका. फिल्टरच्या रबरातून किंवा होजच्या सैल क्लॅम्पमधून ती आत गेली की टर्बोची पाती आणि लायनर घासतात. कंपनी "डस्ट एंट्री" लिहून क्लेम परत करते. फिल्टर हवा मारून पुन्हा-पुन्हा वापरला असेल तर ते उत्तर खोडायला तुमच्याकडं काही नसतं. फिल्टर बदलल्याची बिलं हवीत, तीही मूळ पार्टची.

दुसरा मुद्दा पाण्याचा. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ महामार्गच बंद होता. तशा पाण्यातून काढलेल्या गाडीत हवेच्या वाटेनं पाणी सिलिंडरमध्ये गेलं तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. इंजिन कधी कधी चालू राहतं आणि ठोका आठवड्यांनी सुरू होतो. पिस्टन त्या सिलिंडरमध्ये वरपर्यंत येत नाही, त्यामुळं उघडल्यावर लगेच दिसतं. हे वॉरंटीत बसत नाही. इंजिन प्रोटेक्शनची जोड असलेल्या विम्यात बसू शकतं. तेव्हा पाण्यातून आलेल्या गाडीची माहिती लपवून वॉरंटीचं दार ठोठावत बसू नका, विम्याची मुदत निघून जाईल.

बाकी कारणं ठरलेली: सर्व्हिस चुकली, ओव्हरलोड, ईसीयूचं मॅपिंग बदललं, ईजीआर (धुराचा काही भाग इंजिनात परत फिरवणारी यंत्रणा) किंवा डीपीएफ बंद करून घेतलं, बॅटरी न सोडवता बॉडीला वेल्डिंग मारलं.

नकार आला तर

नकार लेखी घ्या, पार्टचं नाव आणि कारणासह. काढलेले पार्ट वर्कशॉपातून हलवू नयेत असं ईमेलवर कळवा. क्लेम नाकारलेला असेल तर ते पार्ट तुमचे आहेत. मग कंपनीच्या ग्राहक सेवेकडं सगळे जॉबकार्ड, व्हिडिओ, सर्व्हिसची बिलं एकाच ईमेलमध्ये, तारखांच्या क्रमानं. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार फुकट नोंदवता येते, आणि बरीच प्रकरणं तिथंच हलतात.

ग्राहक आयोगात जायचं तर ट्रकवाल्यांसाठी एक खास अडचण आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार व्यापारी कारणासाठी घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार 'ग्राहक' धरला जात नाही. मात्र स्वयंरोजगारातून स्वतःचं पोट भरण्यासाठीच घेतली असेल तर धरला जातो. लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या १९९५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं ट्रक घेऊन स्वतः चालवणाऱ्याचं उदाहरणच दिलंय: तो ग्राहक आहे, आणि मदतीला एक-दोन माणसं घेतली म्हणून त्याचा हक्क जात नाही. तेव्हा तक्रारीत "ही एकच गाडी, यावरच कुटुंबाची उपजीविका" हे पहिल्याच परिच्छेदात यायला हवं, सोबत बॅज-लायसन्स आणि परमिट. पाच-सहा गाड्यांचा मालक असेल तर हा मार्ग अवघड, दिवाणी न्यायालयाचा विचार करावा लागतो.

गाडीसाठी दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर प्रकरण जिल्हा आयोगाकडं. गाडी पुण्यात किंवा बेळगावात घेतली असली तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे कोल्हापुरात, दाखल करता येतं. शुल्क २० ते ५० लाखांना १,००० रुपये, १० ते २० लाखांना ४००. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षं. डीलर आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. एकट्याला केलं की तो दुसऱ्याकडं बोट दाखवतो. उत्पादनातला दोष आहे हे नुसतं म्हणून चालत नाही, तज्ज्ञाचा अहवाल लागतो. आयोग पार्ट तपासायला प्रयोगशाळेकडं पाठवू शकतो. सील केलेला फिल्टरचा कागद आणि ती १०० मिलीची बाटली तेव्हा कामाला येते.

इंजिन दुरुस्त होऊन आलं की

कुठले पार्ट बदलले त्यांचे नंबर बिलावर हवेत, रक्कम शून्य असली तरी. पहिल्या सकाळचा थंड स्टार्टचा व्हिडिओ जुन्याच जागी फोन धरून घ्या, दोन्ही एकामागून एक ऐका. पहिले ५०० किलोमीटर डिपस्टिक रोज बघायची आणि पूर्ण लोडवर घाट टाळायचा.

ब्लॉक किंवा अख्खं इंजिन बदललं असेल तर इंजिन नंबरही बदलतो. गाडी ताब्यात घेतानाच नव्या इंजिनचं बिल आणि डीलरचं पत्र मागा, आणि एमएच-०९ च्या आरटीओ कार्यालयात आरसीवर नवा नंबर चढवून घ्या. गाडीवर कर्ज असेल तर फायनान्सवाल्याची ना-हरकत लागते. विम्याच्या पॉलिसीतही तोच नंबर दुरुस्त करून घ्या. हे राहिलं की पुढच्या पासिंगला इन्स्पेक्टर ब्लॉकवर टॉर्च मारतो, नंबर जुळत नाही, आणि गाडी ऐन हंगामात उभी राहते.